समुद्रावरचा केवडा

धाकट्या जावेचा आवाजी मेसेज आला की आमच्या घरातला टीव्ही बंद होतो. मी बोलत असताना तो कधी बंद झालेला नाही.

ती गोव्यात एका संशोधन संस्थेत आहे. अधूनमधून जहाजावरून थेट दक्षिणेकडच्या थंड समुद्रात जाते, जिथं पाण्यात बर्फाचे डोंगर तरंगतात. त्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात, त्यांची वाढ कशानं होते आणि कशानं थांबते हे तिचं काम. पुस्तकात त्यांना वनस्पतीप्लवक म्हणतात. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या एवढं बोलत नाहीत. आल्यागेल्याला सांगतात, "आमची धाकटी शेवाळावर हाय." सूर असा, की पोरगी कलेक्टर ऑफिसात आहे.

मोठी काय करते असं त्यांना कोणी विचारत नाही, कारण मी समोरच असते. जामखेडला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. नवरा माल आणतो, उधारी बघतो. लायसन्स माझ्या शेतीच्या पदवीवर आहे आणि काउंटरही माझा. शेतकरी पिशवीतून पान घेऊन येतो, मी ते उलटंसुलटं करून बघते, चार प्रश्न विचारते आणि काय टाकायचं, काय टाकायचं नाही ते सांगते. त्यातलं 'टाकायचं नाही' हे जास्त असतं, म्हणून नवरा कधीकधी कपाळाला हात लावतो.

आमची एकुलती एक मुलगी मागच्या वर्षी अकरावीला होती. तिनं कृषीची पदवी घ्यायची, मग दुकानामागच्या खोलीत माती-पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा काढायची आणि तिथं तिनं बसायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. खोलीत बेसिन कुठं येईल, ओटा किती लांब लागेल, विजेचे पॉइंट किती, सगळं मापून ठेवलं होतं. तिला ते दाखवलं तेव्हा ती "हं" म्हणाली. ती माझ्या बहुतेक गोष्टींना "हं" म्हणते. लहानपणापासून मी तिला पानं दाखवत आले. ही शीर हिरवी राहिली आणि मधला भाग पिवळा पडला म्हणजे काय, टोकाकडून करपलं म्हणजे काय. ती "हं" म्हणायची आणि खेळायला जायची.

त्या हिवाळ्यात जाऊ जहाजावर होती. नेट लागलं की मेसेज यायचे, फोटो यायचे. आणि ही "हं" म्हणणारी मुलगी ताटावरून उठून यायची आणि म्हणायची, "आई, ऐक ना." मी ऐकायची. मला राग यायचा तो तिच्या आवाजाचा. 'काकू' म्हणताना तिचा आवाज थोडा वर जायचा. 'आई' म्हणताना तो नेहमीच्या जागी असायचा.

एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कंपनीला द्यायच्या ऑर्डरची यादी करत होते. ती समोर येऊन बसली.

"आई, ऐक ना. तिकडं खोलातलं पाणी वर येतं. ते येताना नत्र घेऊन येतं, स्फुरद घेऊन येतं. भरपूर. उन्हाळ्यात तिथं ऊन जवळजवळ चोवीस तास. तरी पाणी निळंच राहतं. हिरवं होतच नाही. म्हणजे बघ, युरिया आहे, डीएपी आहे, पाणी आहे, ऊन आहे. आणि पीकच नाही."

मी यादीतून डोकं वर न काढता म्हटलं, "मग केवडा पडला असणार."

यात काही विशेष नव्हतं. दिवसातून चारदा मी हे वाक्य काउंटरवर बोलते. उसाची पानं हिरवी राहायची सोडून पिवळी पडतात, मग पांढुरकी होत जातात, केवड्याच्या पातीसारखी. आमच्याकडं म्हणतात, उसावर केवडा पडला. बहुतेक वेळा ती लोहाची कमतरता असते, फेरस द्यावं लागतं. शेतकऱ्याला वाटतं भूक लागली, तो आणखी युरिया टाकतो. पीक हलत नाही. ज्याची कमतरता आहे ते दिल्याशिवाय बाकी सगळं पडून राहतं. हे समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय.

मुलगी माझ्याकडं बघत राहिली. "तुला कसं माहीत?"

"काय कसं माहीत?"

"तिथं लोहच कमी आहे. काकूचं तेच काम आहे."

मला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना बरोबर आलं याचा मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. ती तोपर्यंत फोनवर टाइप करायला लागली होती. दुसऱ्या दिवशी जावेचा मेसेज आला. ती हसत होती, मागं वाऱ्याचा आवाज होता. "केवडा. काय शब्द आहे गं. मी आता हाच वापरणार." घरात सगळे हसले. आत्या म्हणाल्या, "धाकटी लई हुशार." मी भाजीला फोडणी देत होते. शब्द माझा होता आणि हुशार ती झाली होती.

भाद्रपदात जाऊ महालक्ष्म्यांना आली. दीर फिरतीच्या नोकरीत, ते आले नाहीत. मी दोन दिवस खपून आरास केली होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आरशासमोर उभ्या राहाव्यात तशा आरासीसमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग तिच्याभोवती बसल्या. जहाजावर भाकरी मिळते का? आंघोळ कशी करता? बर्फ गोड असतो की खारा? तिनं प्रत्येकीला नीट उत्तर दिलं. ती तशी चांगली आहे. तेच अवघड जातं. वाईट असती तर मला सोपं झालं असतं.

दरवर्षी रब्बीच्या आधी आम्ही दुकानातर्फे शेतकरी मेळावा घेतो. एक बाहेरचा तज्ज्ञ बोलतो, त्याआधी मी सूक्ष्म अन्नद्रव्यांवर बोलते. यंदा जाऊ घरी असतानाच तो आला, आणि तज्ज्ञ ऐनवेळी येऊ शकत नाही म्हणाले. मंगल कार्यालय ठरलेलं, खुर्च्या सांगितलेल्या, पोह्यांचा आचारी सांगितलेला.

नवरा म्हणाला, "आपली घरचीच शास्त्रज्ञ आहे की."

"काकू मस्त बोलते," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, "ज्वारी पेरायला निघालेल्या माणसाला बर्फाचा समुद्र कशाला पाहिजे? मी बोलते जास्त वेळ."

"तू दरवर्षीच बोलतेस."

"मग?"

"म्हणून तर," नवरा म्हणाला आणि चहाचा कप घेऊन बाहेर गेला.

त्यानं ते सहज म्हटलं होतं. पण ते 'म्हणून तर' माझ्या पोटात जाऊन बसलं.

मेळाव्याच्या दिवशी मी सकाळपासून कार्यालयात होते. प्रोजेक्टर चालतो का, वीज गेली तर जनरेटरमध्ये डिझेल आहे का, पाण्याचे जार आले का, पुढच्या रांगेत म्हाताऱ्यांना पाठीच्या खुर्च्या आहेत का. जाऊ आली ती एक पेनड्राइव्ह घेऊन. अंगावर माझी मोरपंखी साडी होती, कारण तिनं सणापुरतीच साडी आणली होती आणि मीच कपाट उघडून दिलं होतं. आत्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "ही साडी तुझ्यावर अशी कधी दिसली न्हाई गं."

मी माझं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं थोडक्यात आटोपलं. मग ती उभी राहिली.

"मी पण शेतातच काम करते," तिनं सुरुवात केली. "माझं रान फक्त खारं आहे आणि लई गार." तो 'लई' तिनं मुद्दाम घेतला होता आणि तो लोकांना आवडला. मग पडद्यावर तिचा समुद्र आला. राखाडी आभाळ, निळंकाळं पाणी, लांबवर एक पांढरा डोंगर. मागं पोह्यांच्या प्लेटा वाजत होत्या त्या थांबल्या. तिनं सांगितलं की त्या बारक्या वनस्पती म्हणजे समुद्रातला चारा. त्यांच्यावर बारकी कोळंबी जगते, कोळंबीवर मासे, पेंग्विन, देवमासे. चारा कमी तर वरचं सगळं कमी. आणि तिथं खत भरपूर असून चारा वाढत नाही.

"इतकी वर्षं शिकले," ती म्हणाली, "पण माझ्या समुद्राला काय झालंय ते मला एका शब्दात सांगता येत नव्हतं. तो शब्द मला माझ्या पुतणीनं दिला. समुद्रावर केवडा पडलाय."

आधी हसू आलं, मग टाळ्या आल्या. सगळ्यांना एका क्षणात कळलं होतं. मुलगी लॅपटॉपपाशी होती, तिनं मान खाली घातली. मी चहाच्या पिंपापाशी उभी होते. आता शब्द जावेचाही नव्हता, माझ्याच पोटच्या मुलीचा झाला होता, आणि तिच्यावरही जळावं की काय हे मला त्या क्षणी ठरवता येईना.

कोपऱ्यातून एक म्हातारे शेतकरी उठले, आमचे जुने गिऱ्हाईक. "मग फेरस टाका की म्याडम. ताईंच्या दुकानात हाय. टेम्पो भरून देतो."

सगळे हसले, तीही हसली. म्हणाली, तसं करून पाहिलंय. समुद्राच्या थोड्या तुकड्यात लोह सोडून पाहिलं, आणि पाणी काही दिवसांत हिरवं झालं. "पण तिथं चारा वाढला की तो तिथलं नत्र-स्फुरदही खाऊन टाकतो. तेच पाणी वाहत पुढं जातं, तिथल्याला काय उरणार? कालव्याच्या तोंडाशी सगळ्यांनी पाणी घेतलं तर शेवटच्या रानाला काय मिळतं?"

"ठणठणाट," मागून कोणीतरी म्हणालं. शेवटचं रान त्याचंच असणार.

मग मी बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. सभेत तिला 'मॅडम' म्हणायचं मात्र ठरवलं होतं, तेही राहिलं.

"आपल्या चुनखडीच्या रानात लोह असतं," मी पिंपापासूनच म्हटलं. "चुना ते धरून ठेवतो, म्हणून पिकाला मिळत नाही. तुझ्या समुद्रात ते नाहीच. मग ह्याला केवडा कसं म्हणायचं?"

सगळ्या माना मागं वळल्या. प्रश्न बरोबर होता. मला तो तिनं चाचरावं म्हणून विचारायचा होता, हेही तितकंच बरोबर.

ती चाचरली नाही. तिचा चेहरा उजळला. "ताई, हाच तर खरा प्रश्न आहे," ती म्हणाली. "दोन्ही आहे. जमीन फार लांब, म्हणून लोह तिथं पोचतंच थोडं. वाऱ्यावरच्या धुळीतून, वितळणाऱ्या बर्फातून, काही तळातून. आणि पोचतं तेही टिकत नाही. समुद्राच्या पाण्यात ते गंजतं, त्याचे कण होतात आणि तळाला बसतात. आपल्याकडं चुना धरतो, तिकडं गंज धरतो. आता मला सांगा, ताई तुम्हाला फेरस कशातून टाकायला सांगतात?"

"शेणखतातून," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"का?"

"चुन्यानं धरू नये म्हणून."

"तिकडंही तसंच. सजीवांपासून आलेली काही द्रव्यं लोहाला पाण्यात धरून ठेवतात, तेवढंच त्या वनस्पतींना मिळतं. आणि तिकडं शेणखतही आहे. देवमाशाचं. तो कोळंबी खातो आणि वर येऊन पाण्यात शेण टाकतो. त्यातलं लोह परत चाऱ्याला मिळतं."

कार्यालयात जो हशा झाला तो आमच्या मेळाव्यात आजवर झाला नव्हता. आत्या शेजारणीला म्हणाल्या, "आत्ता गं बाई. एवढ्या मोठ्या जनावराचं शेण उचलतं कोण?" मग जो तो प्रश्न विचारायला लागला. तिला अडवायला टाकलेल्या प्रश्नानं तिला त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं उत्तर मिळवून दिलं होतं. नंतर लोक तिच्यासोबत फोटो काढत होते तेव्हा ते म्हातारे शेतकरी माझ्याकडं आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, यंदा माणूस चांगला आणला."

कार्यालय रिकामं झाल्यावर मी खुर्च्या मोजून घेत होते. मुलगी वायरी गुंडाळत होती.

"अडवायला विचारलंस ना?" ती म्हणाली.

"प्रश्न बरोबर होता."

"होताच. म्हणून तर विचारते."

हे 'म्हणून तर' ती बापाकडून शिकली आहे. मी म्हटलं, "तो शब्द माझा होता."

ती थांबली. "काकूनं विचारलं होतं, कोणी सांगितलं. मी लिहिलं, आमच्याकडं असंच म्हणतात. आई म्हणाली असं लिहायला पाहिजे होतं का?"

सगळा तालुका तो शब्द बोलतो. तिनं लिहिलं ते खरं होतं. तरी मी म्हटलं, "हो."

"बरं," ती म्हणाली. वायर गुंडाळून पिशवीत ठेवली. मग पिशवीची चेन लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, मला कृषीला जायचं नाहीये. बारावी झाली की तिकडं जायचंय."

"काकूकडं?"

"समुद्राचं शिकायला."

मला ते दोन्ही एकच ऐकू आलं.

रात्रीच्या जेवणाला तिनंच विषय काढला. नवरा म्हणाला, "शिकायचंय तर शिकू दे." माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. इथली पदवी, दुकान, मागची खोली. पण सांगायला सुरुवात केली की प्रत्येक गोष्ट तिच्यापेक्षा माझ्याच सोयीची निघायची, म्हणून मी एक-एक गोष्ट मनातच खोडत गेले. शिक्षणाला माझा विरोध उरला नाही. उरलं ते दुसरंच होतं, आणि ते आत्यांनी उघडं केलं.

"लांब हाय, पर धाकटीच्या घरी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "मग कसली काळजी?"

मुलीनं एकदम जावेकडं बघितलं. जावेनंही तिच्याकडं. हे दोघींमध्ये आधी बोलून झालेलं होतं.

मला समुद्राचा हेवा नाही. होडीत बसलं तरी मला मळमळतं. त्या दिवशी वाटलं ते वेगळं होतं. जे मी काउंटरवरून तिला वर्षानुवर्षं दाखवलं, तेच दुसरीनं लांबून, वाऱ्याच्या आवाजात सांगितलं तेव्हा तिला ते दिसलं. आता ती रोज संध्याकाळी त्याच दुसरीच्या टेबलावर बसणार, "काकू, ऐक ना" म्हणणार. परीक्षेत मार्क कमी पडले तर आधी तिला सांगणार, ताप आला तर कपाळावर हात तिचा असणार. आणि मला ते नंतर कळवलं जाणार.

सकाळी मी भाकऱ्या करत होते. जावेची गाडी दुपारची होती. ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, रागावलात का?"

"हो."

तिला एवढं सरळ उत्तर अपेक्षित नसावं. "त्या शब्दावरून? तिनं मला सांगितलं काल. पुढच्या वेळी मी—"

"राहू दे. सगळ्यांचाच शब्द आहे. पण राग आला होता."

"मग तिच्या शिकण्यावरून?"

"शिकायला पाठवते मी," मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "चांगलं शिकव तिला. पण राहायला हॉस्टेल."

"ताई, घर असताना? एक खोली रिकामीच असते आमची."

"हॉस्टेल."

मी भाकरी विस्तवावर उलटली, ती फुगली.

"रविवारी जेवायला तरी?"

"महिन्यातून एक."

"दोन."

"दोन," मी म्हटलं. "आणि सुट्टी लागली की पहिली गाडी जामखेडची. गोव्यातला समुद्र नंतर."

ती हसली. मी हसले नाही, मी खरंच बोलत होते. मग तिनं बाह्या सरसावल्या, मला थोडं बाजूला सारून परातीतला गोळा घेतला आणि पुढची भाकरी थापली. मी ती तव्यावर टाकताना नीट बघितली. माझ्यापेक्षा गोल होती.